गळतीवरच्या साती आसरा

आमच्या गावात एक झरा होता. रोज सकाळी साडेसहाला तो सुरू व्हायचा आणि आठच्या सुमाराला थांबायचा. लाईट गेली की त्या दिवशी झरा नाही. मोटार जळली की चार-चार दिवस झरा नाही. एवढं ऐकल्यावर कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडायला हवा. माझ्या डोक्यात पडायला सव्वीस वर्षं लागली, आणि तोवर मी स्वतःला बऱ्यापैकी हुशार समजत होते.

झरा म्हणजे काय, तर खालच्या आळीत आमच्या घरापासून पाचपन्नास पावलांवर, रस्त्याच्या कडेला जमिनीतून बुडबुडे यायचे आणि हातभर खड्डा पाण्यानं भरायचा. खड्ड्याच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा. पाण्याच्या या सात देवी आमच्या भागात विहिरीवर, नदीच्या डोहावर सगळीकडे असतात. आमच्या गावात त्या रस्त्याच्या कडेला होत्या, एवढाच फरक. बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडते ती आधी पाणवठा पुजायला. गावातल्या जुन्या विहिरी कुठे आटल्या, कुठे बुजल्या, आणि घोड नदी ओल्या बाळंतिणीला चालवायला लांब. मग सगळ्या बाळंतिणी इथेच यायच्या. मीही दोन्ही वेळा आले. हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि माझं लेकरू सुखी ठेव म्हणून इतकी मनापासून हात जोडून उभी राहिले की पाठीमागून सासूबाईंना हाक मारावी लागली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. हे ठाणं त्यांनीच बसवलेलं. देवी स्वप्नात आली आणि 'मला इथं बसव' म्हणाली, असं सगळं गाव सांगायचं. मी लग्न होऊन आले त्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. तेव्हापासून रोज सकाळी पाण्याच्या वेळेला आत्याबाई तिथे हजर. आधी झाडलोट, मग पूजा. चप्पल घालून कुणी जवळ गेलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. कुणी म्हैस घेऊन फिरकलं तर तिच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार. एरवी ही बाई मुंगीला वाट देऊन चालणारी. मला तिनं आजवर एकदाही 'अगं, हे काय केलंस' असं म्हटलेलं नाही, आणि मी भाकरी करपवण्यापासून ट्रॅक्टर गोठ्यात घालण्यापर्यंत सगळं केलेलं आहे.

ठाण्याची पुढे भरभराट झाली. पुण्याला नोकरीला असलेल्या मंडळींनी वर्गणी काढून पत्र्याची शेड घातली, बाजूनं फरशी बसवली, पितळेची घंटा टांगली. कुलूपवाली दानपेटी आली. त्याच वर्षांत गावच्या नळाच्या लाईनीला कुणी साधा एक तुकडा नवा जोडला नाही. बिडाचे जुने पाइप जमिनीखाली गंजत पडले होते, आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही चकचकीत फरशी घालत होतो.

मग आमचा प्रभाग महिला राखीव झाला आणि मी ग्रामपंचायतीत निवडून आले. प्रचारात मी एकच गोष्ट बोलले होते. वरच्या आळीला पाणी पोचवीन. वरची आळी टेकाडावर. खालच्या आळीत हंडे भरून वाहायचे तेव्हा वरच्या नळाला नुसती हवा. तिथली एक सून रोज सकाळी दोन हंडे घेऊन खाली आमच्या नळावर यायची. डोक्यावर एक, कमरेवर एक, असं चढावरून चार खेपा. तिचं माहेर माझ्या माहेरच्या शेजारच्या गावातलं, म्हणून ती मला हक्कानं काकी म्हणायची. निवडून आल्यावर पहिले सहा महिने ती हसत विचारायची, "काकी, कवा येतंय पाणी?" पुढचे सहा महिने न हसता विचारलं. त्यानंतर तिनं विचारणंच सोडलं, खाली मान घालून हंडे भरायची, आणि मला माझ्याच नळावर जायची चोरी झाली.

मी पंचायतीत बसून भांडायला सुरुवात केली. भांडण माझ्या अंगातच आहे. माहेरी त्याला तोंडाळ म्हणायचे, पंचायतीत अभ्यासू सदस्य म्हणतात. तर कळलं ते असं. नवी योजना मंजूर होती. नवी टाकी होणार होती, मळ्यातल्या वस्त्यांना नवे पाइप होणार होते. फक्त जुन्या गावठाणाखालची जुनी लाईन त्यात नव्हती.

"ती तर आहेच ना आपल्याकडं," ग्रामसेवक म्हणाले. "दुरुस्ती पाणीपट्टीतून करायची असते, ताई."

पाणीपट्टी लोक देत नव्हते, कारण पाणी येत नव्हतं. पाणी येत नव्हतं, कारण दुरुस्तीला पाणीपट्टी नव्हती. हा खेळ माझ्या जन्मापासून चालू असणार. नवं बांधायचं म्हटलं की कागद धावतात, पाहुणे येतात, नारळ फुटतात. जुना जोड आवळल्याचं उद्घाटन कुणी करत नाही; बुजवलेल्या चरापुढे उभं राहून फोटो काय काढणार? माझा संताप झाला. पण संतापानं पाणी चढावर जात नाही, म्हणून मी ठरवलं की आधी आपलं पाणी मुरतंय कुठे ते तरी शोधू.

गावाला पाणी सोडणारे भाऊ आहेत. व्हॉल्व्ह कुठे, फाटा कुठे, कुठल्या घराखालून लाईन गेलीय, हे एकट्या त्यांना माहीत. मी त्यांना घेऊन एका सकाळी टाकीपासून चालत निघाले. त्यांच्याकडे एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक जमिनीला टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. खाली पाणी गळत असेल तर आवाज येतो. शाळेपाशी आवाज नाही. देवळापाशी नाही. आमच्या आळीत आलो तसे भाऊ रेंगाळायला लागले. एकदा तंबाखू मळून झाली, एकदा चपलेतला खडा काढून झाला. साती आसरांच्या शेडपाशी मीच त्यांच्या हातातली सळई घेतली, फरशीच्या कडेला टेकवली आणि कान लावला. आत पाणी नुसतं घोंघावत होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते.

"भाऊ, हे कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"पयल्या दिवसापासनं, वहिनी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? देवीला लिकेज म्हनायचं? जीभ झडंल माझी."

"तुम्ही व्हॉल्व्ह फिरवला की देवी येते, बंद केला की जाते. एवढं तरी दिसत होतं ना?"

"दिसत व्हतं की," भाऊ म्हणाले. "म्हनून तर मी रोज आंगुळ केल्याबिगर व्हॉल्व्हला हात लावत न्हाई."

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. वरच्या आळीचं पाणी इथे जात होतं. ते अडवायचं तर फरशी उचकटायची, दगड काढायचे, खणायचं. आणि हे आत्याबाईंना मी सांगायचं. तुमची देवी म्हणजे नळाची गळती आहे, तुम्ही तीस वर्षं एका गंजलेल्या जोडाला कुंकू लावत आलात, हे त्या बाईला तिच्या पंचाहत्तरीत कुठल्या तोंडानं सांगू? दुनियेत मी कुणालाही काहीही बोलू शकते. आत्याबाईंना दुखवायची मात्र माझी छाती नव्हती. माझी आई मी लहान असतानाच गेली. आई म्हणजे काय, हे मला कळलं ते लग्नानंतर.

तीन आठवडे मी गप्प बसले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझं तू बघ बाई, मी शेतावर चाललो." तिकडे वरच्या आळीतली सून पाय घसरून चढावर पडली. हंडा गडगडत खाली आला. तिला फार लागलं नव्हतं, पण रस्त्यात बसून ती सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिली. मी हात द्यायला गेले तर म्हणाली, "राहू द्या काकी, सवय हाय." मग मात्र मला घरात बसवेना.

त्याच दुपारी ओसरीवर आत्याबाई वाटाणा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून शेंगा ओढून घेतल्या. तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं काहीतरी बोलून थांबले. चौथ्यांदा डोळे मिटून एका दमात म्हणाले, "आत्याबाई, साती आसरांच्या खाली आपल्या नळाचा पाइप फुटलाय."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"फुटला न्हाई," त्या म्हणाल्या. "जोड सुटलाय."

मी डोळे उघडले. त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या आणि मग सांगितलं. आवाज न चढवता, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट सांगत होत्या.

"माज्या डोळ्यांदेखत सुटला. पानी वर आलं, डबकं झालं. लोकांला बरंच झालं, दारात पानी. म्हशी बांधाया लागली, बाया पोरांची बाळुती धुवाया लागल्या. मी रोज बघायची. नळ बंद झाला की ते डबकं खाली बसायचं. वर गवताची काडी तरंगत आसली तर ती गरागरा फिरायची आन् आत जायची. मंग माज्या ध्यानात आलं, ही सगळी घान पाइप गिळतोय. आन् सकाळी तेच आपल्या हंड्यात येतंय."

"मग?"

"मंग काय? पंचायतीत गेले. निधी न्हाई म्हनले. दुसऱ्यांदी गेले, निधी आला की बघू म्हनले. म्हशीवाल्यास्नी सांगितलं तर म्हनले, जागा तुज्या बापाची हाय का? त्याच सालात आळीतली पोरं हागवनीनं आजारी पडली. बाकीची उठली. आपली न्हाई उठली."

माझ्या नवऱ्याच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेली एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचा विषय निघत नसे. ताप आला असेल, त्या काळी जायचीच लेकरं, असं मी समजून चालले होते.

"मंचरच्या दवाखान्यात न्यायला निगालो. वाटंतच गेली. दोन वरसांची बी न्हवती," आत्याबाई म्हणाल्या. "सुतक फिटल्याव तिसऱ्यांदी गेले पंचायतीत. निधी न्हवताच. मंग अवसेच्या सकाळी नदीवरनं सात धोंडं आनलं, शेंदूर लावला. सपान पडलं म्हनून सांगितलं. त्या दिसापासनं कुनी म्हैस बांधली न्हाई आन् कुनी बाळुतं धुतलं न्हाई. शेंदराला लागतो कितीसा पैसा?"

म्हणजे रोज सकाळी पाण्याच्या वेळेला त्या तिथे जात होत्या ते याच्यासाठी. मी त्याला भक्ती समजत होते. पाइपावर पहारा चालला होता. पंचायतीच्या कुठल्याही रजिस्टरात नोंद नसलेली, पगार नसलेली आणि एकही रजा न घेतलेली ही गावची एकमेव देखभाल होती.

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"तू हात जोडून हुबी राह्यली व्हतीस की लेकराला घेऊन. लई मनापासनं. कशाला सांगू?"

मी तिथेच भोकाड पसरलं. आत्याबाईंनी माझ्या मांडीवरचं सूप आपल्याकडे ओढून घेतलं. "सोललेलं भिजवू नगं," म्हणाल्या आणि पदरानं माझं नाक पुसलं, मी पन्नाशीची असताना.

पुढचं सगळं त्यांनीच हातात घेतलं. देवीच्या जागेला हात लावायचा नाही म्हणून गावात कुजबूज सुरू झाली होती. भाऊ खणायला तयार नव्हते आणि दुसरं कुणी कुदळ उचलत नव्हतं. आत्याबाई आळीच्या चौकात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवी मी बशिवली, मीच उठिवते. हितं गाड्यांचा धुरळा लई. तिला पान्याच्या मुळाशी जायचंय." आता ज्या बाईला देवी स्वप्नात येऊन बोलते तिच्यापुढे बोलणार कोण? पाण्याच्या मुळाशी म्हणजे नदीकाठच्या विहिरीवर, जिथून सगळ्या गावाला पाणी उपसलं जातं. खणनारळानं ओटी भरून, डफ वाजवत सात दगड पाटीत घालून आम्ही विहिरीवर नेले. विहिरीच्या काठावर त्यांनी जागा दाखवली. ती जागा बघून मला त्यांचा डाव कळला. गावातली पोरं नेमकी तिथेच ट्रॅक्टर धुवायची आणि द्राक्षाच्या फवारणीचे पंप खंगाळायची. मी त्यांना म्हणाले, तुम्ही कलेक्टरच व्हायला हवं होतंत. त्यांनी शेंदराचं बोट माझ्या कपाळाला पुसलं आणि गप्प बस म्हणून डोळे वटारले.

पैशाचंही त्यांनीच सांगितलं. "पेटी फोड. देवीचा पैसा पान्यालाच जाऊ दे." सगळ्यांसमोर पेटी उघडली. जोडाला बसेल असा क्लॅम्प मात्र कुठे मिळेना. इतका जुना पाइप आता कुणी विकत नाही आणि त्याचं सामानही ठेवत नाही. टाकीजवळ त्याच लाईनीचा एक तुकडा उघडा होता. भाऊंनी त्याला सुतळी गुंडाळून माप घेतलं आणि मी ती सुतळी पर्समध्ये घालून आळेफाट्याला गेले. तिथे ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत एका लेथवाल्यानं सुतळी हातात धरून विचारलं, "कुठल्या गाडीचं आहे हे?" मी म्हटलं, गावाचं आहे. तो हसला. पण काम चोख केलं. पत्र्याचे दोन अर्धगोल, चार नटबोल्ट आणि आत रबर.

ज्या दिवशी खणलं त्या दिवशी आत्याबाईंनी खड्ड्याच्या काठावर प्लॅस्टिकची खुर्ची मागवून घेतली. ऊन झालं तरी हलल्या नाहीत. कमरेएवढं खणल्यावर जोड दिसला. जोडात भरलेलं शिसं निखळलेलं, बाजूनं चार बोटं फट, फटीत कुजलेली मुळं आणि काळा गाळ. भाऊंनी तारेच्या ब्रशनं तो घासला, क्लॅम्प दोन्ही बाजूंनी बसवला आणि बोल्ट आवळायला घेतले. एक, दोन, तीन, चार. मध्ये चहा आला तो त्यांनी खड्ड्यातच घेतला. सगळं मिळून तासभराचं काम.

मग भाऊ जाऊन आंघोळ करून आले. देवी इथून गेली होती, पण सवय ती सवय. त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. आम्ही सगळे खड्ड्यात वाकून बघत होतो. पाइप थरथरला, आतून पाणी धावल्याचा आवाज गेला आणि जोडावर थेंबसुद्धा आला नाही. थोड्या वेळानं टेकाडावरून त्या सुनेची आरोळी आली, "काकी! आलं गं! धार धरलीया!" तिच्यामागून वरच्या आळीतल्या बायांचा गलका, भांड्यांचा खणखणाट. खालची आळीही टाळ्या वाजवायला लागली. मला इतका आनंद झाला की मी भाऊंना, मोठ्या दिरासारख्या माणसाला, पाठीत धपका घातला.

मागे वळून बघितलं तर आत्याबाई अजून खड्ड्यातच बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आत्याबाई."

"आता आत काई जायाचं न्हाई?"

"नाही."

त्या क्लॅम्पकडे बघत होत्या. त्या चार बोल्टांकडे, काठावर ठेवलेल्या रिकाम्या कपांकडे. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, मला एकटीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या,

"एवढंसंच काम व्हतं व्हय गं?"

तीस वर्षांपूर्वी मी त्या पंचायतीत नव्हते. गावातही नव्हते. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर पंचायत म्हणून मीच उभी होते.

"चुकलं, आत्याबाई," मी म्हणाले.